चहाचा प्याला आणि आपला प्रांत

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. लेख साधाच होता. भाषांतर करणारा तरुण आळंदचा. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा चार भाषांत वाढलेला. मूळ लेखात एके ठिकाणी लेखकाने म्हटले होते की राजकारण हा आपला 'कप ऑफ टी' नव्हे. तरुणाने प्रथम 'राजकारण हा माझा चहाचा प्याला नव्हे' असे लिहून ते खोडले होते. त्याखाली 'राजकारण मला आवडत नाही' असे लिहून तेही खोडले होते. शेवटी त्याने लिहिले होते, 'राजकारण हा माझा प्रांत नव्हे.'

भाषांतर उत्तम होते. पुण्यामुंबईच्या कोणत्याही संपादकाने ते तसेच छापले असते. मीही खूण करून पुढे गेलो आणि दोन ओळींनंतर परत आलो. आळंदच्या माणसाने 'हा माझा प्रांत नव्हे' असे लिहावे यात काहीतरी खुपत होते. 'प्रांत' हा शब्द आपण किती सहज वापरतो! ज्या गावाचा प्रांत एकाच आयुष्यात बदलला, तिथे मात्र तो इतका सहज उरत नाही. आवडीनिवडी सांगण्यासाठी इंग्रज चहाचा प्याला पुढे करतो आणि मराठी माणूस प्रांताकडे बोट दाखवतो. या दोन प्रतिमांमागे दोन इतिहास आहेत, आणि आळंदसारख्या गावात ते एकमेकांना भेटतात. त्या भेटीचा शोध घेण्याचा हा प्रयत्न.

प्रथम इंग्रजी वाक्प्रचार पाहू. तो फार जुना नाही. विल्यम डी मॉर्गन हा इंग्लंडमधील नामांकित कुंभकार. रंगीत कौले आणि भांडी घडविण्यात त्याचे आयुष्य गेले आणि उतारवयात तो कादंबरीकार झाला. त्याच्या १९०८ सालच्या 'समहाऊ गुड' या कादंबरीत एका मनुष्याला 'चहाचा प्याला' म्हटले आहे. तो मनुष्य भेटला की तरतरी येते, एवढाच त्याचा अर्थ. हा प्रयोग घरातील मोलकरणीच्या तोंडचा उसना घेतला असल्याचे कादंबरीकार सांगतो, हे विशेष लक्षात घेण्यासारखे. म्हणजे हा वाक्प्रचार विद्वानांच्या दिवाणखान्यात जन्मला नाही. तो स्वयंपाकघरातून वर आला. पुढे त्याला 'माझा' हे सर्वनाम चिकटले. नॅन्सी मिटफर्डच्या १९३२ सालच्या 'ख्रिसमस पुडिंग' या कादंबरीत तो त्या रूपात भेटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत त्याचे नकारार्थी रूपही चांगलेच रुळले होते. आज इंग्रजीत होकारापेक्षा नकारासाठीच तो अधिक ऐकू येतो.

या नकारातच त्या वाक्प्रचाराची खुबी आहे. 'ते वाईट आहे' असे तो म्हणत नाही. 'मला ते सोसत नाही' असेही म्हणत नाही. प्रत्येकाचा प्याला वेगळा, कोणाला दूध अधिक, कोणाला साखर कमी. तुमचा तुम्हाला लखलाभ, माझा मला. नकार देताना समोरच्याचा अपमान होऊ नये याची काळजी त्यात आहे. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा प्याला आहे, तो त्याने स्वतः निवडला आहे, आणि तो नाकारण्याने किंवा स्वीकारण्याने कोणाचे काही बिघडत नाही, हे ते गृहीतक होय. आपल्याकडे चहाचा प्याला इतका निरुपद्रवी कधी होता काय?

चहा हा शब्दच मुळी दोन वाटांनी जगभर गेला. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील फूच्येन भागातला उच्चार डच व्यापाऱ्यांनी उचलला आणि त्यापासून इंग्रजांचा 'टी' झाला. 'चा' हा दुसरा उच्चार खुष्कीच्या मार्गाने इराणात जाऊन 'चाय' झाला, आणि मकावच्या मार्गाने पोर्तुगिजांच्या जिभेवर बसला. आपला 'चहा' या दुसऱ्या कुळातला. आळंदच्या बसस्थानकाबाहेर उभे राहिले तर हे कूळ एका दमात ऐकू येते. मराठी माणूस 'चहा' मागतो. उत्तर कर्नाटकातला कन्नड माणूसही 'चहा'च म्हणतो. दखनी बोलणारा 'चाय' म्हणतो. नवा माणूस नुसत्या मागणीवरून मराठी कोण आणि कन्नड कोण हे सांगू शकणार नाही. ज्या सीमेवरून एवढा वाद झाला, ती सीमा चहाच्या टेबलावर पुसट होते, हा योगायोग मला नेहमी सुखावतो.

पण प्याल्याचा इतिहास असा सुखावह नाही. १८३९ साली आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला जाऊ लागला. या देशात मात्र तो घरोघर पोहोचायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०३ साली चहावर उपकर बसला, त्या पैशातून प्रचार सुरू झाला आणि १९३०च्या दशकात देशी गिऱ्हाईक मिळविण्यासाठी मोठी मोहीम निघाली. गावोगावी चहा करून दाखविणारी, फुकट पाजणारी माणसे फिरली. म्हणजे आज ज्याला आपण आपली आवड समजतो, ती आवड कोणीतरी पद्धतशीरपणे लावलेली आहे. पंचाहत्तर वर्षांत ती इतकी मुरली की चहा परका होता हे सांगितले तर नातवंडांना खरे वाटत नाही.

त्याआधीचे महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले चहाचे प्याले म्हणजे पुण्यातील पंचहौद मिशनमधले. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथे एका समारंभासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळींना बोलावले होते. व्याख्यानानंतर चहाबिस्किटे पुढे आली. उपस्थितांमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी माणसे होती. डॉ. आनंदीबाई जोश्यांचे पती गोपाळराव जोशी यांनी ही बातमी नावानिशी वर्तमानपत्रात फोडली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे चालला. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या प्रकरणाची हकीकत दिली आहे. त्या सभेत कोणी चहा प्याला, कोणी नुसता प्याला हाती घेऊन खाली ठेवला, कोणी हातही लावला नाही. पण कोणाला चहा आवडतो हा प्रश्न कोणीच विचारला नाही. प्रश्न होता तो प्याला कोणाच्या हातचा, एवढाच. डी मॉर्गनच्या कादंबरीतली मोलकरीण एखाद्या माणसाला चहाची उपमा देण्याआधी अवघी अठरा वर्षे, पुण्यात चहाच्या प्याल्यावरून माणसे जातीबाहेर पडण्याच्या बेतात होती.

आणि ज्यांना जातीनेच बाहेर ठेवले होते त्यांचा प्याला? मराठवाड्यात, सोलापुरात, सीमेच्या दोन्ही अंगांना, खेड्यातल्या हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला किंवा वळचणीला ठेवलेला वेगळा कप ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगणे नको. दलित गिऱ्हाइकाने तो स्वतः घ्यायचा, त्यात वरून ओतलेला चहा प्यायचा, आणि स्वतः विसळून पुन्हा जागेवर ठेवायचा. अस्पृश्यता हा गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ साली झाला. ते कप त्यानंतरही कैक वर्षे टांगलेले राहिले. 'माझा कप' हे शब्द इंग्रजीत आवडीचे आहेत. वळचणीच्या त्या कपाकडे पाहून तेच शब्द उच्चारले तर त्यांचा अर्थ शिक्षा असा होतो. 'तो माझा चहाचा प्याला नव्हे' हे वाक्य मराठीत का रुजले नाही याची व्याकरणाची कारणे पुष्कळ देता येतील. मला वाटते, खरे कारण हे आहे की आपल्याकडे प्याला हे व्यक्तीच्या निवडीचे चिन्ह होऊच शकले नाही. तो कितीतरी काळ समाजाने नेमून दिलेल्या जागेचेच चिन्ह होता.

मग मराठीने आवड कशी सांगितली? शब्दांची आपल्याकडे वाण नाही. 'आवड' घरचा, 'रुची' संस्कृतातून आलेला, 'पसंत' आणि 'खुशी' फारशीतून, 'मर्जी', 'हौस' आणि 'शोक' मूळचे अरबी पण फारशीच्या हातून आलेले. बहामनी काळापासून निजामी अमलापर्यंत पाचसहाशे वर्षे ज्या मुलखाने फारशी आणि पुढे उर्दू दफ्तर पाहिले, तिथे हे शब्द नुसते कोशात राहिले नाहीत. ते लग्नाच्या बैठकीत, जमिनीच्या व्यवहारात आणि भाजीच्या बाजारात बोलले गेले. त्यातही छटांची वाटणी झाली. मुलगी 'पसंत' पडते, साहेबाची 'मर्जी' बसते, नव्या लुगड्याची 'हौस' होते, आणि देव मात्र 'आवडतो'. जो शब्द घरचा, तो सर्वांत जवळच्या गोष्टीला राखून ठेवलेला.

शब्दांहून अधिक बोलकी आहे ती वाक्याची घडण. 'मला चहा आवडतो' या वाक्यात कर्ता चहा आहे. 'मी' चतुर्थीत उभा आहे. आवड मी करीत नाही, ती माझ्याकडे येते. संस्कृतातही रुच् धातूची घडण अशीच. कन्नड बोलणारा शेजारी 'ननगे चहा इष्ट' म्हणतो, तिथेही 'मला'च. दखनी बोलणारा 'मेरेकू चाय पसंद है' म्हणतो, तिथेही तेच. भाषांची कुळे भिन्न, एक द्राविडी आणि दोन आर्यभाषा, पण आवडीपुढे माणूस तिन्हींत सारखाच हात जोडून उभा! गंमत अशी की जुन्या इंग्रजीतही आवडणारी गोष्टच कर्ता असे आणि माणूस चतुर्थीत असे. 'मी आवडतो' अशा थाटाची आजची इंग्रजी रचना नंतरची आहे. इंग्रजीने कर्तेपण माणसाला दिले. आपण ते अजून वस्तूकडे ठेवले आहे.

एकमेकांशेजारी नांदून भाषा अशा एकमेकींसारख्या होतात, याकडे अभ्यासकांचे लक्ष फार पूर्वी गेले आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांची वाक्यरचना कशी एका साच्यात येत गेली, हे गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले. त्याआधी एम. बी. एमिनो या भाषाशास्त्रज्ञाने संपूर्ण भारत हा एक 'भाषिक प्रदेश' आहे, निरनिराळ्या कुळांच्या भाषा येथे परस्परांच्या सवयी उचलत आल्या आहेत, हा विचार मांडला. त्याचा तो निबंध प्रसिद्ध झाला १९५६ साली.

१९५६! भाषा एकमेकींत कशा मिसळल्या आहेत हे विद्वानाने ज्या वर्षी लिहिले, त्याच वर्षी भाषांना एकमेकींपासून वेगळे करणारी रेषा या मुलखावर ओढली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, तेलंगण आंध्रात गेले, आणि गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे, काही तालुके वगळून, म्हैसूर राज्यात गेले. बीदर जिल्हा तर तिन्हीकडे वाटला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे, जहिराबाद, नारायणखेड तिकडे, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे. आळंद तालुका गुलबर्ग्याबरोबर गेला. आळंदच्या एका बाजूला अक्कलकोट, दुसऱ्या बाजूला उमरगा, दोन्ही महाराष्ट्रात. सोयरीक, बाजार, यात्रा सगळे रेषेच्या आरपार. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे महाराष्ट्राने ८१४ गावांवर हक्क सांगितला, त्यांत बेळगाव-कारवारबरोबर बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील गावेही होती. आयोगाच्या १९६७ सालच्या अहवालाने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला सुचविली. अक्कलकोटही कर्नाटकात जावे असे त्याचे मत होते. महाराष्ट्राने अहवाल नाकारला; २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या सगळ्या आकड्यांत माणसाची आवड कुठे मोजली गेली? जनगणनेचे तक्ते मोजले गेले, तालुक्यांच्या हद्दी पाहिल्या गेल्या; दोन्ही भाषांत सारखेच स्वप्न पाहणाऱ्या माणसाला रकाना नव्हता.

आता 'प्रांत' या शब्दाकडे वळू. संस्कृतात 'प्रान्त' म्हणजे कड, काठ, शेवटचा भाग. वस्त्राचा पदर, अरण्याची किनार. 'प्र' आणि 'अन्त' मिळून झालेला हा शब्द मुळात सीमेचाच वाचक. पुढे मराठी राज्यकारभारात तो मुलखाच्या विभागाला लागला, इंग्रजी अमलात 'प्रांतसाहेब' आले, आणि मग लाक्षणिक अर्थाने माणसाच्या अधिकाराचे, अभ्यासाचे, आवडीचे क्षेत्र म्हणजे त्याचा प्रांत झाला. 'संगीत हा माझा प्रांत नव्हे' म्हणताना आपण नम्रपणे एका मुलखाच्या वेशीवर थांबतो. म्हणजे मराठीत नावड सांगणे हे जणू सीमा मान्य करणे आहे. जो शब्द आधी काठाचा होता तो मध्याचा झाला, आणि जे गाव मध्यावर होते ते काठाला गेले. बहामनी राजधानी गुलबर्ग्याला असताना आळंद काही कडेचे गाव नव्हते. त्याला कडेचे केले ते एका तारखेने.

पुण्याकडच्या वाचकांना 'आळंद' म्हटले की बहुधा 'आळंदी' ऐकू येते. तो घोटाळा अगदीच व्यर्थ नाही; वारकरी परंपरेचा एक धागा याही गावाशी बांधलेला आहे. तुकोबांनी आपल्या गुरुपदेशाच्या अभंगात राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजी ही नावे घेतली आहेत. यांपैकी राघवचैतन्यांची समाधी आळंद येथे असल्याचे परंपरा सांगते. लाडले मशायख यांच्या दर्ग्याचे गाव ते हेच. अलीकडे या जागेवरून न्यायालयीन वाद झाले, त्यांचा निवाडा करणे खरोखरच माझा प्रांत नव्हे. मला आठवते ते वेगळेच. गुरूने आपल्या मनातला भाव ओळखला आणि आपल्याला आवडीचाच, सोपा मंत्र दिला, असे तुकोबा त्याच प्रसंगाविषयी म्हणतात. देणाऱ्याने घेणाऱ्याची आवड आधी ओळखली! आवडीचा इतका मोठा सन्मान मराठीत क्वचितच झाला असेल. त्या मंत्राची परंपरा जिथवर मागे जाते, त्या गावी पुढे माणसांना त्यांची आवड न विचारताच राज्य मिळाले.

उलट बाजूचे उदाहरणही जवळच आहे. आळंद तालुक्यातून वाहणारी अमरजा गाणगापूरला भीमेला मिळते. त्या गाणगापूरच्या नृसिंहसरस्वतींचे चरित्र लिहिणारा सरस्वती गंगाधर आपल्या ग्रंथात सांगतो की आपल्याला महाराष्ट्र भाषा येत नाही. घरची भाषा कानडी; तरी गुरूची आज्ञा म्हणून त्याने मराठीत लिहिले, आणि 'गुरुचरित्र' मराठी घरांत भक्तिभावाने वाचला जाणारा ग्रंथ झाला. तिकडे हुमनाबादजवळ माणिकनगरात एकोणिसाव्या शतकात माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी-उर्दू अशा भाषांत पदे रचली व आपल्या संप्रदायाला 'सकलमत' असे नाव दिले. भाषा ही निवडून एकच घ्यायची गोष्ट आहे, आणि एक घेतली की बाकीच्या 'आपल्या नव्हेत' असे म्हणायचे, ही कल्पना या मातीत अगदी अलीकडची आहे.

म्हणून त्या तरुणाच्या वाक्याचा मला पुन्हा विचार करावासा वाटला. मी त्याला बोलावून विचारले, 'चहाचा प्याला' का खोडला? तो म्हणाला, "सर, आमच्याकडे पाहुण्याला चहा नको म्हणता येत नाही. माझा कप नाही म्हटलं तर घरचे रागावतील." आणि 'प्रांत' का लिहिले? तो हसला. "शाळेत निबंध लिहिताना सर सांगायचे, चांगलं मराठी लिही. हे चांगलं मराठी वाटलं." मी त्याला 'प्रान्त' म्हणजे काठ, हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग तर तो आमचाच शब्द आहे."

या उत्तराने माझी अडचण सुटली नाही, पण ती नीट समजली. आळंदच्या मराठी घरांत आज जो प्रश्न आहे तो राज्याचा उरलेला नाही. तो मुलांच्या शाळेचा आहे. मराठी शाळेत घालावे तर नोकरीची चिंता, कन्नड शाळेत घालावे तर आजीशी तुटण्याची, इंग्रजी शाळेत घालावे तर दोन्हींची. प्रवेशाच्या अर्जावर मातृभाषेचा एकच रकाना असतो, आणि बाप पेन हातात धरून थांबतो. त्या थांबण्याला इंग्रजी वाक्प्रचार उपयोगाचा नाही, कारण प्याला निवडायला मिळालेलाच नाही. मराठी वाक्प्रचारही पुरत नाही, कारण प्रांत पुष्कळ आहेत आणि सगळेच थोडेथोडे आपले आहेत. तिथे उपयोगी पडते ती तिन्ही भाषांत सारखी असलेली जुनी घडण: मला आवडते, ननगे इष्ट, मेरेकू पसंद है. आवड आपल्याकडे येते, आणि एकीमागून दुसरी आली तर पहिलीने उठून जावे असा नियम व्याकरणात नाही.

भाषांतरात मी शेवटी 'राजकारण हा माझा प्रांत नव्हे' हेच ठेवले. ते बरोबर मराठी आहे. फक्त समासात त्या तरुणासाठी पेन्सिलीने एक ओळ लिहिली: प्रांत म्हणजे काठ, आणि काठावरून दोन्ही तीर दिसतात.